मॅक्युलर होल पुन्हा उघडल्यावरची दुसरी शस्त्रक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅक्युलर होलची शस्त्रक्रिया एकदा झाली, छिद्र बंद झाल्याचे तपासणीत दिसले, नजरही हळूहळू सुधारली आणि मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी अक्षरे पुन्हा वाकडी दिसू लागली, अशा अवस्थेतील रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी समजावून सांगितलेले बरेचसे दुसऱ्या वेळीही लागू पडते, पण सगळे नाही. जिथे फरक पडतो तिथेच निर्णय अवघड होतो, म्हणून त्या प्रश्नांची उत्तरे येथे अधिक विस्ताराने दिली आहेत. अंतिम सल्ला मात्र ज्यांनी आपला डोळा आणि त्याचे स्कॅन प्रत्यक्ष पाहिले आहेत अशा रेटिनातज्ज्ञांकडूनच घ्यावा.

मॅक्युलर होल म्हणजे नेमके काय?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पसरलेल्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, मध्यभागी मॅक्युला नावाचा लहानसा भाग असतो. वाचन, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे अशी सर्व बारीक कामे याच भागावर अवलंबून असतात. मॅक्युलाच्या केंद्रस्थानी एक खोलगट जागा असते, तिला फोव्हिया म्हणतात. तेथे पडद्याच्या संपूर्ण जाडीतून आरपार छिद्र पडले की त्याला पूर्ण जाडीचे मॅक्युलर होल म्हणतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार 250 मायक्रॉनपर्यंतचे छिद्र लहान, 250 ते 400 मायक्रॉनचे मध्यम आणि त्याहून रुंद ते मोठे मानले जाते. 400 मायक्रॉन म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. पण नजरेचा सगळा तीक्ष्णपणा जिथे एकवटलेला आहे, नेमक्या त्याच जागी हे छिद्र असल्याने त्याचा परिणाम मोठा जाणवतो.

बहुतेक रुग्णांत याचे कारण वयाशी निगडित असते. डोळ्यात भरलेला व्हिट्रियस नावाचा पारदर्शक जेल उतारवयात आक्रसतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. फोव्हियाच्या जागी तो घट्ट चिकटलेला राहिला तर तेथे ओढ बसते आणि छिद्र पडते. साठीच्या पुढील स्त्रियांमध्ये हे अधिक आढळते. पडदा सुटणे किंवा वयोमानानुसार होणारी मॅक्युलाची झीज हे वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

पहिल्या शस्त्रक्रियेत नेमके काय केले होते?

हे माहीत असल्याशिवाय दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचारच करता येत नाही, म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे जवळ असणे फार महत्त्वाचे आहे. सर्वसाधारणपणे तिचे तीन टप्पे असतात. आधी व्हिट्रियस जेल काढून टाकतात, याला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. मग छिद्राभोवतीचे, पडद्याच्या पृष्ठभागावरील सुमारे दोन ते तीन मायक्रॉन जाडीचे आयएलएम नावाचे पटल निळ्या किंवा हिरव्या रंगाने रंगवून बारीक चिमट्याने सोलतात. शेवटी डोळ्यात हवा किंवा गॅसचा बुडबुडा भरतात.

1991 पर्यंत मॅक्युलर होलवर उपचार नाही असेच मानले जात असे. त्या वर्षी नील केली आणि रॉबर्ट वेंडेल या शल्यविशारदांनी 52 डोळ्यांवरील शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी 58 टक्के डोळ्यांतील छिद्र बंद झाल्याचे दाखवले. पुढे आयएलएम सोलण्याची पद्धत रूढ झाल्यावर पहिल्याच प्रयत्नात छिद्र बंद होण्याचे प्रमाण 90 टक्क्यांच्या पुढे गेले. ज्यांचे छिद्र पुन्हा उघडते असे रुग्ण थोडे असतात, त्यामुळे आपल्यासारखी दुसरी व्यक्ती त्यांना सहसा भेटत नाही आणि एकटेपणा अधिकच जाणवतो.

छिद्र बंदच न होणे आणि बंद होऊन पुन्हा उघडणे, यांत काय फरक आहे?

बोलताना दोन्हींना एकच नाव दिले जाते, पण उपचारांच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या अवस्था आहेत. गॅस विरून गेल्यावर केलेल्या ओसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे पडद्याचा उभा छेद दाखवणाऱ्या तपासणीत, छिद्र उघडेच दिसले तर शस्त्रक्रिया अयशस्वी झाली असे म्हणतात. याउलट, स्कॅनमध्ये छिद्र एकदा स्पष्टपणे बंद झालेले दिसले आणि नंतर उघडले, तर ते पुनरुद्भवलेले छिद्र होय. पहिल्या प्रकारात छिद्राचा आकार, त्याचे वय किंवा अपुरी सोललेली कडा ही कारणे शोधावी लागतात. दुसऱ्या प्रकारात ऊती एकदा जुळू शकल्या होत्या हे सिद्ध झालेले असते, त्यामुळे मधल्या काळात काय बदलले हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मिळाले तर दुसरा उपचारही नेमका ठरवता येतो. म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचे, छिद्र बंद असल्याचे दाखवणारे स्कॅन जपून ठेवावे आणि नव्या डॉक्टरांना आवर्जून दाखवावे.

छिद्र पुन्हा का उघडते?

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे पडद्याच्या पृष्ठभागावर नव्याने तयार होणारे पातळ, आक्रसणारे पटल. पेशी पडद्यावर पसरतात, त्यांचा थर तयार होतो आणि तो आकुंचन पावताना छिद्राच्या जुळलेल्या कडा पुन्हा बाजूला खेचल्या जातात. आयएलएम हे पटल या पेशींना पसरायला जणू मचाणच पुरवते, त्यामुळे ते पहिल्या वेळी सोलले होते की नाही याला मोठे महत्त्व आहे. अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र पाहिली तर आयएलएम न सोललेल्या डोळ्यांत छिद्र पुन्हा उघडण्याचे प्रमाण सुमारे 7 टक्के, तर सोललेल्या डोळ्यांत 1 टक्क्याच्या आसपास आढळते.

दुसरे कारण म्हणजे मॅक्युलाला येणारी सूज. मॅक्युलर होलच्या शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अनेकांना करावी लागते आणि तिच्यानंतर काही डोळ्यांत मॅक्युलामध्ये द्रव साचून सूज येते. या सुजेने नाजूक जुळणी उसवू शकते. डोळ्यातील दाह किंवा मधुमेहामुळे येणारी सूजही असाच परिणाम करू शकते. याखेरीज फार मोठा उणे नंबर असलेल्या, लांबट झालेल्या डोळ्यांत पडद्यावर आधीच ताण असतो, त्यामुळे तेथे धोका अधिक असतो. डोळ्याला लागलेला जोराचा मार हे कारण कमी आढळते, पण ते खरे आहे.

माझ्या हातून काही चूक झाली म्हणून हे झाले का?

जवळजवळ नेहमीच, नाही. शस्त्रक्रियेनंतर सांगितल्याप्रमाणे पालथे झोपण्यात कसूर झाली, वाकून वजन उचलले, जास्त वाचले, रडू आले, अशा गोष्टींचा दोष रुग्ण स्वतःला देत राहतात. छिद्र एकदा बंद झाले आणि काही महिन्यांनी उघडले असेल तर सुरुवातीच्या दिवसांतील डोक्याच्या स्थितीचा त्याच्याशी संबंध जोडता येत नाही. वाचनाने किंवा मोबाइल, टीव्ही पाहण्याने छिद्र उघडत नाही. घरच्यांनीही असा दोष चुकूनसुद्धा देऊ नये, कारण दुसऱ्या शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या माणसाला त्या क्षणी सर्वाधिक आधार हवा असतो.

छिद्र पुन्हा उघडले आहे हे कसे ओळखावे?

सरळ रेषा मध्येच वाकलेल्या किंवा आत ओढल्यासारख्या दिसणे, वाचताना शब्दातील मधलेच अक्षर गायब होणे, समोरच्या व्यक्तीच्या चेहऱ्याच्या मध्यभागी धूसर ठिपका दिसणे ही मुख्य लक्षणे आहेत. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा ही उणीव भरून काढतो, त्यामुळे अनेकांना बदल उशिरा कळतो. आठवड्यातून एकदा एक डोळा तळहाताने झाकून, वाचनाचा चष्मा लावून, चौकटी असलेल्या तक्त्याकडे किंवा दरवाजाच्या चौकटीच्या कडेकडे पाहावे आणि मग दुसऱ्या डोळ्याने तसेच करावे. निदान मात्र ओसीटी स्कॅननेच निश्चित होते. त्यात पडद्याचा उभा छेद दिसतो, डोळ्याला काहीही टोचावे लागत नाही आणि तपासणी काही मिनिटांत होते.

शस्त्रक्रियेशिवाय ते पुन्हा बंद होऊ शकते का?

काही निवडक डोळ्यांत, होय. छिद्र लहान असेल, त्याच्या कडा द्रवाने फुगलेल्या असतील आणि ओढून धरणारे नवे पटल दिसत नसेल, तर सूज कमी करणारे थेंब काही आठवडे वापरून पाहतात. त्यांत स्टिरॉइड, स्टिरॉइड नसलेली दाहशामके आणि द्रव ओसरण्यास मदत करणारी औषधे यांचा समावेश असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या सुजेमुळे उघडलेली लहान छिद्रे अशा उपचाराने बंद झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातील दाब वाढू शकतो, म्हणून हे थेंब स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत किंवा लांबवू नयेत. ठरलेल्या मुदतीत स्कॅनमध्ये फरक दिसला नाही तर वाट पाहण्यात वेळ दवडू नये, कारण छिद्र जितके दिवस उघडे राहते तितकी प्रकाश टिपणाऱ्या पेशींची हानी वाढत जाते.

दुसरी शस्त्रक्रिया करावीच लागते का?

नाही. ही निकडीची शस्त्रक्रिया नाही आणि ती नाकारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. मॅक्युलर होल उघडे राहिले तरी डोळा पूर्ण आंधळा होत नाही; बाजूची नजर शाबूत राहते आणि चालणे-फिरणे शक्य असते. दुसरा डोळा उत्तम असेल, छिद्र जुने, रुंद आणि सपाट कडांचे असेल आणि पडद्याच्या बाहेरील थरांची झीज स्कॅनमध्ये स्पष्ट दिसत असेल, तर शस्त्रक्रियेतून मिळणारा लाभ थोडा असू शकतो. अशा वेळी थांबण्याचा निर्णय हा हार मानणे नव्हे, तोही विचारपूर्वक घेतलेला वैद्यकीय निर्णय असतो.

याउलट, छिद्र अलीकडे उघडले असेल, पहिल्या शस्त्रक्रियेनंतर नजर चांगली सुधारली होती असे असेल, कडा उचललेल्या असतील आणि ओढणारे पटल दिसत असेल, तर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याकडे कल असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. उचललेली कडा म्हणजे ऊती अजून लवचीक आहेत आणि परत जुळू शकतात याची खूण असते. कडा खालच्या थराला सपाट चिकटून बसलेल्या असतील तर त्यांना हलवणे कठीण जाते.

दुसऱ्या वेळी शस्त्रक्रियेत वेगळे काय करतात?

व्हिट्रियस जेल आधीच काढलेला असतो, त्यामुळे तो टप्पा बहुधा थोडक्यात आटोपतो. त्यानंतर शल्यविशारद पडदा पुन्हा रंगवून पाहतात, कारण जिथे आयएलएम शिल्लक आहे तिथे रंग चढतो आणि जिथे सोललेले आहे तिथे चढत नाही. नवे पटल असेल तर ते काढतात, आणि पहिल्या वेळी छिद्राभोवतीचा सोललेला घेर लहान राहिला असेल तर तो वाढवतात. पुष्कळ डोळ्यांत एवढे पुरेसे ठरते.

प्रश्न उभा राहतो तो आयएलएम आधीच विस्तीर्ण सोलले गेले असेल आणि छिद्र रुंद असेल तेव्हा. सोलायला काही उरलेलेच नसते, मग कडा जवळ आणण्यासाठी निराळे मार्ग घ्यावे लागतात. एका पद्धतीत अतिबारीक नळीने छिद्राच्या कडेखाली द्रव सोडून खालच्या थराला चिकटलेल्या कडा अलगद सैल करतात. दुसऱ्या पद्धतीत पडद्याच्या दूरच्या भागातून आयएलएमचा लहानसा तुकडा काढून तो छिद्रात ठिगळासारखा बसवतात. हा तुकडा स्वतः पाहण्याचे काम करत नाही; दुरुस्ती करणाऱ्या पेशींना छिद्र ओलांडून पलीकडे सरकण्यासाठी तो आधार देतो. 2010 साली पोलंडमधील मिखालेव्हस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या छिद्रांसाठी आयएलएम पूर्ण न काढता छिद्रावर उलटवून ठेवण्याची जी पद्धत मांडली, तिच्यामागे असेच तत्त्व आहे. पण तिच्यासाठी छिद्राच्या कडेला आयएलएम शिल्लक असावे लागते, आणि पुन्हा उघडलेल्या छिद्रात नेमके तेच बहुधा नसते.

याच गरजेतून डोळ्याच्या भिंगाच्या आवरणाचा तुकडा, मानवी गर्भावरणाचा तुकडा, रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्स, इतकेच नव्हे तर त्याच डोळ्याच्या पडद्याच्या कडेकडील ऊतीचा तुकडा छिद्रात बसवण्याच्या पद्धती गेल्या काही वर्षांत पुढे आल्या. शेवटची पद्धत सहसा फार मोठ्या किंवा वारंवार अपयश आलेल्या छिद्रांसाठी राखून ठेवतात, कारण तिच्यात निरोगी पडद्याला छेद द्यावा लागतो. यांपैकी कोणतीही एक पद्धत सर्व डोळ्यांसाठी श्रेष्ठ ठरलेली नाही. शल्यविशारदांचा ज्या पद्धतीत हात बसलेला आहे ती निवडणे बहुधा शहाणपणाचे असते. आपल्या डोळ्यासाठी कोणती पद्धत योजली आहे, का योजली आहे आणि शस्त्रक्रिया चालू असताना बेत बदलावा लागला तर दुसरा पर्याय कोणता, हे आधीच विचारून घ्यावे.

गॅस भरतात की सिलिकॉन तेल?

बहुतेकदा गॅस. एसएफसिक्स हा गॅस सुमारे दोन ते तीन आठवड्यांत विरतो आणि सीथ्रीएफएट हा साधारण सहा ते आठ आठवडे टिकतो. दुसऱ्या वेळी दीर्घकाळ टिकणारा गॅस निवडण्याकडे अनेकांचा कल असतो. बुडबुडा छिद्राचे तोंड कोरडे ठेवतो आणि कडा जुळेपर्यंत आधार देतो. तो असताना त्या डोळ्याने जवळजवळ काहीच स्पष्ट दिसत नाही. बुडबुडा लहान होऊ लागला की दृष्टीच्या वरच्या भागात उजळ दिसू लागते आणि मधली डुलणारी रेषा रोज थोडी खाली सरकते. हे अपेक्षितच आहे, त्याला घाबरू नये.

सिलिकॉन तेल आपोआप विरत नाही, ते काढण्यासाठी आणखी एक शस्त्रक्रिया करावी लागते. ज्यांना डोके ठरलेल्या स्थितीत ठेवणे अजिबात शक्य नाही, ज्यांचा दुसरा डोळा निकामी आहे किंवा ज्यांना लवकर विमानप्रवास टाळता येत नाही, त्यांच्यासाठी तेलाचा विचार होतो.

पालथे राहणे पुन्हा आवश्यक आहे का, आणि किती दिवस?

लहान छिद्रांच्या बाबतीत काटेकोर पालथे राहण्याची गरज आता कमी मानली जाते. मोठ्या आणि पुन्हा उघडलेल्या छिद्रांत मात्र बहुतेक शल्यविशारद काही दिवस ते करायला सांगतात. मुदत प्रत्येकाची वेगळी असते, तीन दिवसांपासून आठवडाभर किंवा थोडी अधिक. येथे मुख्य गोष्ट शरीराची नाही, चेहऱ्याची आहे: चेहरा जमिनीकडे असला की बुडबुडा वर तरंगून डोळ्याच्या मागच्या भागाला, म्हणजे नेमक्या मॅक्युलाला, टेकतो. टेबलावर उशी ठेवून त्यावर कपाळ टेकवून बसले तरी तोच परिणाम साधतो. मान, पाठ किंवा गुडघ्यांचे दुखणे असेल, श्वसनाचा त्रास असेल, तर तो शस्त्रक्रियेआधीच सांगावा, म्हणजे त्यानुसार स्थिती आणि गॅस यांची निवड करता येते.

गॅस असताना कोणती काळजी जिवापाड घ्यायची?

विमानप्रवास करू नये आणि उंच घाटमाथ्यावर जाऊ नये. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो, डोळ्यातील दाब अचानक वाढतो आणि कायमची दृष्टी जाऊ शकते. त्याच कारणाने, या काळात दुसऱ्या कोणत्याही उपचारासाठी भूल द्यावी लागली तर नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरता कामा नये. दवाखान्यातून दिलेला सूचनापट्टा गॅस पूर्ण विरेपर्यंत मनगटावरून काढू नये. अपघातात शुद्ध हरपली तर रुग्णाच्या वतीने तोच बोलतो.

यशाची शक्यता किती असते?

येथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढे निराशा पदरी येते. पहिला प्रश्न छिद्र बंद होण्याचा. पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियांचे उपलब्ध अभ्यास एकत्र पाहिले तर साधारण पाचपैकी चार डोळ्यांत छिद्र बंद होते. पहिल्या वेळेपेक्षा हे प्रमाण कमी आहे, तरी आशा धरावी इतके निश्चित आहे.

दुसरा प्रश्न नजरेचा. छिद्र बंद झाले म्हणजे नजर पूर्ववत झाली असे नाही. नजर किती परत येईल हे छिद्र किती काळ उघडे होते, आधी नजर किती होती आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा थर स्कॅनमध्ये किती अखंड दिसतो यावर ठरते. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर जी सर्वोत्तम नजर मिळाली होती, तिच्या जवळ पोहोचणे हे वास्तव उद्दिष्ट मानावे. तक्त्यावरील ओळी फारशा वाढल्या नाहीत तरी वाकडेपणा कमी होणे आणि मधला ठिपका लहान होणे यामुळे दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहणे पुष्कळ सुसह्य होते. सुधारणा संथ असते आणि ती वर्षभरापर्यंत चालू राहू शकते, त्यामुळे पहिल्या दोन महिन्यांत निष्कर्ष काढू नये.

धोके कोणते?

पडद्याला नवे छेद पडून तो सुटणे, डोळ्यातील दाब वाढणे, रक्तस्राव, दृष्टिक्षेत्राचा एखादा भाग कमी होणे आणि फार क्वचित डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणे हे मुख्य धोके आहेत. नैसर्गिक भिंग अजून असेल तर मोतीबिंदू वाढणे जवळजवळ ठरलेलेच असते. तो काढताना सूज टाळणाऱ्या थेंबांची योजना आधीच करून ठेवावी, कारण अशा डोळ्यात सूज परवडणारी नसते. घरी गेल्यावर वेदना वाढत जाणे, डोळा लालभडक होणे, मळमळीसह ठणका लागणे, काळा पडदा बाजूने सरकत येणे किंवा नजर अचानक आणखी मंदावणे यांपैकी काहीही झाले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये, त्याच वेळी दवाखाना गाठावा.

भूल कोणती देतात?

बहुतेकांना डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन फक्त डोळा बधिर करतात. पहिल्या वेळी स्थिर पडून राहणे फार अवघड गेले असेल तर तसे सांगावे. पूर्ण भुलीचा पर्याय असतो.

दुसऱ्या डोळ्यालाही हेच होईल का?

त्या डोळ्यातील जेल मॅक्युलापासून पूर्ण सुटलेला असेल तर शक्यता फार कमी असते. तो अजून चिकटलेला असेल तर धोका लक्षात घेण्याजोगा असतो, म्हणून प्रत्येक भेटीत दोन्ही डोळ्यांचे ओसीटी करून घेण्याचा आग्रह धरावा.

दुसऱ्यांदाही छिद्र बंद झाले नाही तर तिसरी शस्त्रक्रिया करतात का?

करतात, पण फार विचारपूर्वक. प्रत्येक शस्त्रक्रियेत मॅक्युलाला हात लागतो आणि लाभाची शक्यता घटत जाते. दुसऱ्या वेळी साधी पद्धत वापरली गेली असेल आणि ठिगळ बसवण्याचा मार्ग अजून आजमावलेला नसेल, तर तिसऱ्या प्रयत्नाला अर्थ असू शकतो. तेच तंत्र पुन्हा वापरायचे असेल तर या वेळी निकाल का वेगळा येईल, हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारावा आणि अशा टप्प्यावर दुसऱ्या रेटिनातज्ज्ञांचे मत घ्यायला संकोच करू नये. शस्त्रक्रिया नको असे ठरले तर भिंगे, अक्षरे मोठी करून दाखवणारी उपकरणे, योग्य प्रकाश आणि मध्यबिंदूच्या बाजूने पाहण्याचा सराव शिकवणाऱ्या अल्पदृष्टी सेवेकडे जावे. ही सेवा सगळे उपाय संपल्यावर जाण्याची जागा आहे असा समज आहे, पण शस्त्रक्रियेनंतरच्या वाट पाहण्याच्या महिन्यांतही तिचा मोठा उपयोग होतो.